ओली लोकर गडद का दिसते : ५० मिलिमीटरच्या मराठा सैनिकाचं रंगकाम

९ एप्रिल १९४५. उत्तर इटलीतली सेनिओ नदी. पात्र जेमतेम १५ फूट रुंद, पाणी चार-पाच फूट खोल. पण दोन्ही काठांवर पुराला अडवायला रचलेले उंच, उभ्या चढाचे मातीचे बांध, आणि त्या बांधांत जर्मन मशीनगनची ठाणी. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियननं हे पाणी छातीइतक्या खोलीतून ओलांडलं. कंपनीचे रनर (निरोप पोचवणारे जवान) नामदेव जाधव यांना इथल्याच पराक्रमासाठी व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

याच बटालियनचा एक जवान डायोरामात, म्हणजे छोट्या प्रतिकृतींच्या देखाव्यात, उभा करायचा आहे. तो नदीतून नुकताच बाहेर आलाय, टॉमीगन (हातातली छोटी मशीनगन) डोक्यावरून खाली घेत बांध चढू लागलाय. प्रमाण १:३५. साडेपाच फुटी माणूस या प्रमाणात हेल्मेट धरून ५० मिलिमीटरच्या आसपास भरतो. त्याच्या अंगावर दोन-तीन इंची ब्रशनं नव्हे, शून्य नंबरच्या ब्रशनं काम करायचं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. रंग नेमका कुठे, किती आणि का गडद करायचा, हे मात्र पुष्कळदा अंदाजावर सोडलं जातं आणि फिगर नुसतीच मळकट दिसते. या जवानाचा प्रत्येक डाग नदीनं आणि बांधानं ठरवलेला आहे, त्यामुळे अंदाजाची गरजच नाही.

आधी डोळ्याचं गणित करून घेऊ. फिगर आपण साधारण ३० सेंटिमीटरवरून पाहतो. ३५ नं गुणलं की साडेदहा मीटर. म्हणजे हा जवान आपल्यापासून साडेदहा मीटरवर उभा आहे. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा वेगळा ओळखता येतो. ३० सेंटिमीटरवर तो सुमारे ०.०९ मिलिमीटर होतो, आणि खऱ्या माणसावर ३ मिलिमीटर. कापडाची वीण त्याहून बारीक, म्हणून ती रंगवायची नाही. बुबुळ सुमारे १२ मिलिमीटरचं, फिगरवर ०.३ मिलिमीटर. ते दिसतं, पण एका गडद ठिपक्यापुरतं. पांढऱ्याशुभ्र डोळ्यांत काळे टिंब ठेवलेली फिगर घाबरलेली दिसते ती याचमुळे. वरच्या पापणीची गडद तपकिरी रेघ आणि त्याखाली मळकट राखाडी रंगाचा अगदी किंचित स्पर्श एवढं पुरतं.

रंगाच्या जाडीलाही हाच हिशेब लागतो. पातळ केलेल्या अॅक्रिलिकचा एक थर वाळल्यावर २० मायक्रॉन धरला तर तो प्रमाणात ०.७ मिलिमीटर, म्हणजे जाड कापडाएवढा. बाटलीतला घट्ट रंग तसाच चोपडला की शंभर मायक्रॉन सहज होतात. मग बटणं, शिवणी, नाकपुड्या साडेतीन मिलिमीटरच्या घोंगडीखाली गाडल्या जातात. दुधासारखा पातळ रंग, दोन किंवा तीन थर, मध्ये पूर्ण वाळू देणं, याला दुसरा पर्याय नाही.

रेझिनची फिगर असेल तर कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून जुन्या टूथब्रशनं धुवा. साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकट थर राहिला तर प्रायमर (रंगाआधीचा पायाचा थर) नखानं सुटून येतो. साच्याच्या जोडाची रेघ ब्लेडच्या पाठीनं खरवडा. धार लावली तर ती प्लॅस्टिकमध्ये घुसते. रेझिन घासताना ओला सँडपेपर आणि तोंडावर एन-९५ मास्क हवाच, कारण ती धूळ फुप्फुसात राहते. टाचेत एक मिलिमीटरचं भोक पाडून पितळी तार बसवा आणि तारेचं दुसरं टोक बाटलीच्या बुचात खोचा. पुढचे पंधरा दिवस हात बुचाला लागेल, फिगरला नाही.

प्रायमर गडद तपकिरी मारा. तो वाळल्यावर वरच्या बाजूनं, साधारण ६० अंशांच्या कोनातून, फिकट राखाडी प्रायमरची एकच हलकी फुरर्र. आकाशाचा उजेड जिथे पोचत नाही तिथे तपकिरी उरतं आणि सावल्यांचा नकाशा आपोआप तयार होतो. घरात हा नकाशा लागतो, कारण टेबल, भिंती, छत सगळीकडून उजेड परतून येतो आणि घड्यांमधल्या खऱ्या सावल्या भरून टाकतो. स्प्रेचा डबा २० ते २५ सेंटिमीटरवर धरा. लांबून मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि पृष्ठभाग खरखरीत होतो. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये दुसरं संकट असतं : द्रावक उडताना पृष्ठभाग थंड करतो, दमट हवेतल्या वाफेचं तिथे पाणी होतं आणि रंगावर दुधी सायीसारखा थर येतो. पावसाचा जोर असेल त्या दिवशी स्प्रे नको. प्रायमर ब्रशनं लावा.

आता चेहरा. बाजारात 'फ्लेश' नावानं मिळणारे बहुतेक रंग गोऱ्या युरोपीय कातडीचे असतात. ते तपकिरी मिसळून गडद केले तरी आपल्याकडचा माणूस दिसत नाही, मातीचं खेळणं दिसतं. अॅक्रिलिकमध्ये मध्यम तपकिरी पाया द्या आणि २४ तासांनी त्यावर ऑइल कलर घ्या. बर्न्ट सिएना आणि यलो ओकर समसमान, त्यात बर्न्ट अंबर चिमूटभर. सावलीला बर्न्ट अंबर आणि अल्ट्रामरीनचा लवलेश. उजळपणासाठी ओकर वाढवा आणि पांढरा अगदी शेवटी, सुईच्या टोकाइतका. टायटॅनियम व्हाइट रंग उजळवतो खरा, पण त्यातली ऊब घालवतो. सावळ्या कातडीवर तो जास्त झाला की चेहऱ्याला राख फासल्यासारखी दिसते.

सावळ्या कातडीची खरी गंमत तिच्या चमकेत आहे. कातडीच्या पृष्ठभागावरून थेट परतणारा उजेड सुमारे ४ टक्के असतो, मग रंग कोणताही असो. गोऱ्या कातडीच्या आतूनही भरपूर उजेड परत येतो, त्यामुळे हे ४ टक्के त्यात विरून जातात. सावळ्या कातडीत मेलॅनिन आतला उजेड शोषून घेतं आणि तेच ४ टक्के ठळक उठतात. म्हणून या जवानाच्या नाकाच्या शेंड्यावर, गालाच्या हाडावर, भुवईच्या वर उजळ जागा लहान आणि कडक ठेवा, पसरट नको. ओठ आजूबाजूच्या रंगाहून किंचित गडद, जांभळट तपकिरी. गुलाबी ओठ सगळं बिघडवतात. शेवटी फक्त चेहऱ्यावर आणि हातांवर सॅटिन व्हार्निश.

ऑइल कलर वाळतो म्हणजे त्यातलं जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. तो पाण्यासारखा उडत नाही, म्हणून दिवस लागतात. ट्यूबमधला रंग तास-दोन तास पुठ्ठ्यावर ठेवला तर जादा तेल पुठ्ठा पितो. रंग लवकर वाळतो आणि चकाकत नाही. पातळ करायला व्हाइट स्पिरिट. हार्डवेअरच्या दुकानात नुसतं 'थिनर' मागितलं तर एनसी थिनर हातात पडतो, आणि तो पॉलिस्टायरीनची फिगर वितळवतो.

इटलीतल्या हिवाळ्यात भारतीय तुकड्यांनाही ब्रिटिश बॅटलड्रेस मिळाला होता : लोकरीच्या सर्ज कापडाचा, हिरवट झाक असलेला खाकी तपकिरी. आपल्या जवानाच्या अंगावर तोच धरू. व्हॅलेहो कंपनीचा ७०.९२१ क्रमांकाचा 'इंग्लिश युनिफॉर्म' रंग पायाला चांगला. उजळ करताना त्यात पांढरा नको, खाकी मिसळा. १९३७ पॅटर्नचे पट्टे आणि पाउच सुती, म्हणून त्यांचा रंग निराळा : राखाडी हिरवट, आणि घासल्या जाणाऱ्या कडांना फिकट. लोकर आणि सूत एकाच रंगात गेले की फिगर एका साच्यातून ओतल्यासारखी वाटते, आणि ती खरंच तशी असते.

आता नदी. चार फूट पाणी १:३५ मध्ये टाचेपासून ३५ मिलिमीटर. पेन्सिलीनं कागदावर खूण करून फिगर शेजारी धरा : ओल छातीच्या खालच्या भागापर्यंत येते. पाउचचे तळ ओले, वरची झाकणं कोरडी. हत्यार वर धरलं होतं, म्हणून खांदे आणि बाह्या कोरड्या. पुढे वाकलेला असेल तर छातीकडची रेघ पाठीपेक्षा वर जाईल.

ओलं कापड गडद का होतं, हे इथे नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. लोकरीच्या तंतूचा अपवर्तनांक (उजेड किती वाकतो याचं माप) सुमारे १.५५, हवेचा १. हा फरक मोठा, म्हणून कोरड्या कापडात प्रत्येक तंतूच्या कडेवर उजेड विखुरतो आणि बराचसा पटकन बाहेर येतो. तंतूंमधल्या फटीत पाणी शिरलं की हवेच्या जागी १.३३ येतो. फरक घटतो, उजेड कमी विखुरतो, कापडात खोलवर जातो, आणि वाटेत रंगद्रव्य तो जास्त शोषून घेतं. रंग तोच राहतो, फक्त अधिक गडद आणि अधिक गहिरा होतो. म्हणून ओला भाग काळ्यानं रंगवू नका. काळा रंग कापडाला मारतो. बर्न्ट अंबरचं ग्लेझ, म्हणजे पातळ पारदर्शक थर, दोनदा द्या, खालचा खाकी त्यातून दिसला पाहिजे. लोकर पाणी वर ओढते, त्यामुळे ओलीची कड सरळ नसते. खऱ्या कापडावर दहा सेंटिमीटरची धूसर पट्टी धरली तर फिगरवर ती तीन मिलिमीटर. तेवढ्यात ब्रश व्हाइट स्पिरिटनं ओलसर करून कड वर ओढत विरवा. ओल्या भागावर मॅट व्हार्निशात चौथा हिस्सा ग्लॉस. लोकर भिजली तरी आरशासारखी होत नाही.

व्हार्निशचंही तेच शास्त्र. मॅट व्हार्निशातले सिलिकाचे कण पृष्ठभाग खडबडीत करतात, उजेड विखुरतो, रंग एक छटा फिकट वाटतो. बाटली नीट हलवली नाही तर हे कण एकत्र गोळा होतात आणि घड्यांत पांढरा बुरसा बसल्यासारखं दिसतं. दोन मिनिटं हलवा आणि आधी जुन्या फिगरवर लावून बघा.

घड्यांसाठी वॉश : एक भाग बर्न्ट अंबर ऑइल, आठ भाग व्हाइट स्पिरिट. ब्रशचं टोक घडीला टेकवलं की केशाकर्षणानं रंग स्वतःच धावतो. सपाट जागी थेंब राहिला तर वाळताना त्याची कड आधी सुकते, आतलं द्रव कडेकडे वाहत जातं आणि रंगाचे कण कडेला गोळा होऊन कडं उमटतं; ओट्यावर सांडलेल्या चहाचं कडं तसंच असतं. वॉशच्या आधी तो भाग नुसत्या स्पिरिटनं ओलसर केला तर कडं होत नाही. झालंच तर दहा मिनिटांत स्वच्छ ओलसर ब्रशनं निघतं, दुसऱ्या दिवशी निघत नाही.

चिखल रंगवताना आपल्याकडे एक चूक हमखास होते. परसातली माती गाळून वापरतात आणि जवान कोकणातल्या जांभ्यावर किंवा विदर्भाच्या काळ्या रानात उभा दिसतो. सेनिओ पो नदीच्या सपाट खोऱ्याच्या कडेनं वाहते. तिथला गाळ अपेनाइन डोंगरांतून आलेला, राखाडीकडे झुकणारा फिकट तपकिरी. रॉ अंबर, ओकर आणि थोडा राखाडी असं मिश्रण जवळ जातं. सिएना आणि अंबर हे रंग स्वतः मातीच आहेत. पिवळ्या मातीतलं जलयुक्त लोह ऑक्साइड भाजलं की पाणी गमावून लाल होतं, भट्टीतल्या कौलासारखं. बर्न्ट सिएनातला 'बर्न्ट' तो हाच.

चहाची गाळणी इथे निरुपयोगी. तिच्या अर्ध्या मिलिमीटरच्या भोकातून पडणारा कण प्रमाणात १७ मिलिमीटरचा खडा होतो. मलमलीतून गाळलेली पूड किंवा तयार पिगमेंट (रंगाची कोरडी पूड) घ्या. पिगमेंट कोरडं लावलं की सुंदर फिकट दिसतं आणि फिक्सर (पूड धरून ठेवणारं द्रव) टाकताच दोन छटा गडद होतं. कारण पुन्हा तेच : कणांमधली हवा जाते, तिथे १.४९ चं अॅक्रिलिक येतं आणि ते तिथेच राहतं. व्हाइट स्पिरिट मात्र उडून जातं आणि फिकटपणा परत येतो. त्यामुळे कोरड्या धुळीसाठी स्पिरिट आणि ओल्या चिखलासाठी अॅक्रिलिक मीडियम, हे वाटप पक्कं ठेवा.

हा जवान बांध चढतोय, तेव्हा चिखल कुठे लागेल? बूट आणि अँकलेट (घोट्याभोवतीची कापडी पट्टी), गुडघे, कोपरं, पोटाचा पुढचा भाग, बुटांच्या आतल्या कडा. पाठीला नाही. दोन्ही गुडघ्यांवर सारखा चिखल खोटा वाटतो. ज्या पायावर भार आहे त्या गुडघ्यावर जास्त. शिंतोडे ब्रशच्या केसांवर अंगठा ओढून उडवायचे, आधी कागदावर. अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका खरा १७ मिलिमीटरचा. त्याहून मोठा पडला तर तो शिंतोडा उरत नाही, कुणीतरी ढेकूळ मारल्यासारखा दिसतो.

टॉमीगनला चंदेरी रंग नको. त्यातल्या चकाकत्या कपच्या ३०-४० मायक्रॉनच्या असू शकतात, प्रमाणात मिलिमीटरभर, आणि बंदुकीवर चमकी लावल्यासारखं दिसतं. गडद राखाडी पाया द्या, ६-बी पेन्सिलीची पूड बोटावर घेऊन कडा घासा. ग्रॅफाइटचे पापुद्रे घासले की आडवे बसतात आणि झिजलेल्या पोलादाची खरी झाक येते. हेल्मेटवर गंजाचे ओघळ काढण्याचा मोह टाळा. वापरातल्या हेल्मेटला कडेला दोन-चार खरचटे पुरतात.

मॅट व्हार्निश मारून झालं की शेवटचं काम उरतं. कमरेच्या पट्ट्याखाली, अँकलेटच्या कडेशी आणि पाउचच्या तळाशी ग्लॉस व्हार्निशचे टाचणीच्या टोकाएवढे थेंब ठेवायचे. हे आधी केलं तर मॅट त्यांना खाऊन टाकतं, आणि जवान नदीतून आलाय की नुसता घामेजलाय, हे पाहणाऱ्याला कळत नाही.