ज्यूली वेगाला भुतानं नेलं नाही

फिलिपिन्सची लाडकी बालकलाकार ज्यूली वेगा 6 मे 1985 ला गेली. सतरावा वाढदिवस 15 दिवसांवर होता. 1984 च्या एका चित्रपटात तिनं झपाटलेल्या मुलीचं काम केलं होतं. तेवढ्यावरून 'शूटिंगमध्ये तिला बाधा झाली' ही वावडी उठली, ती आजही फिरते.

प्रत्यक्षात तिला मज्जातंतूंवरचं मायलिनचं आवरण नष्ट होण्याचा आजार होता. त्यात ब्रॉन्कोन्यूमोनिया, म्हणजे फुप्फुसांचा जंतुसंसर्ग झाला आणि हृदय बंद पडलं.

मायलिन म्हणजे वायरीवरचं प्लास्टिक समजा. ते गेलं की मेंदूचा निरोप वाटेतच मंदावतो किंवा अडतो. स्नायू धडधाकट असूनही हातपाय हलेनासे होतात. बघणाऱ्याला हे गूढ वाटतं, यात नवल नाही. पण खरा धोका छातीत. श्वासाचे स्नायू दुबळे झाले की जोरात खोकता येत नाही, कफ तळाशी साचतो, त्यात जंतू वाढतात. म्हणून अशा रुग्णाचा नुसता ऑक्सिजन पाहून भागत नाही, तो शेवटी घसरतो. पूर्ण श्वास घेऊन सोडलेली हवा मोजतात: निरोगी माणसात ती दर किलो वजनामागे साधारण 60 ते 70 मिलिलिटर, आणि 20 च्या खाली गेली की व्हेंटिलेटरची तयारी.

आणि झपाटलेल्या मुलीची ती भूमिका? तिच्या कामाचा एक छोटा तुकडा. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं ते 1980 पासून चाललेल्या 'आना लिसा' मालिकेमुळे. त्या मालिकेनं कुणाला झपाटल्याचं मात्र कोणी म्हणत नाही.