टोपीएवढी फट, माणशी टनभर इंधन

कॉन्कॉर्ड या ब्रिटिश-फ्रेंच प्रवासी विमानाच्या कॉकपिटमध्ये फ्लाइट इंजिनिअरच्या पॅनेलशेजारी एक फट होती. विमान जमिनीवर असताना ती मिटलेली असे. ध्वनीच्या दुप्पट वेगाने उडताना मात्र हात आत जाईल एवढी रुंदावत असे. समोरची हवा इतकी दाबली जायची की विमानाचं नाक १२७ अंश सेल्सियसपर्यंत तापायचं आणि अख्खं धूड १५ ते २५ सेंटिमीटरने लांबायचं. २००३ मध्ये ही विमानं निवृत्त झाली, तेव्हा शेवटच्या स्वनातीत (ध्वनीपेक्षा वेगवान) उड्डाणात काही इंजिनिअरांनी आपली टोपी त्या फटीत सारली. विमान थंड झालं, फट मिटली, टोपी आत अडकली.

१२७ हा आकडा असाच आलेला नाही. त्यापुढचं तापमान विमानाच्या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूला फार काळ सोसलं नसतं. वेग आणखी वाढवायचा तर टायटॅनियम हवं. ते महाग आणि घडवायला हट्टी. अमेरिकेत बोइंगने तो मार्ग धरला, पण १९७१ मध्ये तिथल्या संसदेने पैसा थांबवला आणि ते विमान कधी उडलंच नाही. ब्रिटिश-फ्रेंच इंजिनिअरांनी अ‍ॅल्युमिनियमवर भागवलं आणि वेगाला तिथेच लगाम घातला. इथवर हिशेब चोख होता.

गोम पुढे आहे. ध्वनीपेक्षा वेगाने जाणारं विमान हवेत आघातलहरी, म्हणजे दाबाच्या तीव्र लाटा, उठवतं आणि बरीच ऊर्जा त्यातच खर्ची पडते. वजन उचलून धरणारं बल आणि मागे खेचणारा रोध यांचं गुणोत्तर कॉन्कॉर्डच्या बाबतीत सातच्या आसपास होतं, जम्बो जेटच्या बाबतीत सतराच्या. म्हणजे तेवढंच वजन हवेत ठेवायला कॉन्कॉर्डला दुपटीहून जास्त जोर लावावा लागे. टाक्यांत सुमारे ९५ टन इंधन, प्रवासी शंभर. माणशी जवळपास एक टन! बदल्यात लंडन-न्यूयॉर्क साडेतीन तासांत. गंमत म्हणजे जम्बो आणि कॉन्कॉर्ड ही दोन्ही विमानं १९६९ मध्ये, बरोबर तीन आठवड्यांच्या अंतराने पहिल्यांदा उडाली. एकाने तास वाचवले, दुसऱ्याने तिकिटाचे पैसे. जगाने काय निवडलं ते आपण पाहतोच.

त्यात त्या लहरींचा दणका जमिनीवर ऐकू जाई, म्हणून पूर्ण वेग फक्त समुद्रावर. शंभराच्या आसपास विमानांसाठी कंपन्यांनी रस दाखवला होता. प्रत्यक्षात प्रवासी सेवेत आली १४.

मग काम मधेच थांबलं का नाही? १९६२ च्या ब्रिटिश-फ्रेंच करारात माघारीचं कलमच नव्हतं. १९६४ मध्ये ब्रिटिश सरकारला अंग काढून घ्यायचं होतं, ते जमलं नाही. पुढे तर ‘एवढा पैसा ओतलाय, आता कसं सोडायचं’ हा युक्तिवादच पुरेसा ठरला. माझ्या मते खरी चूक ही. विमान म्हणून कॉन्कॉर्ड अप्रतिमच होतं.

या चुकीला जीवशास्त्रज्ञांनी कॉन्कॉर्डचंच नाव दिलं आणि ती प्राण्यांमध्ये शोधायला घेतली. जमिनीत बीळ खणून त्यात पिल्लांसाठी कीटक साठवणाऱ्या एका जातीच्या गांधीलमाशीत ती सापडलीही. कधी कधी दोन माद्या नकळत एकच बीळ भरत असतात. समोरासमोर आल्या की भांडण जुंपतं, आणि प्रत्येकीची चिकाटी बिळात एकूण किती कीटक आहेत यावर नव्हे, तर त्यातले तिने स्वतः किती आणले यावर ठरते. वेडेपणाच वाटतो. पण अंधाऱ्या बिळातला सगळा साठा मोजत बसणं त्या इवल्या मेंदूला परवडणारं नसावं. आपण किती खेपा घातल्या, एवढं लक्षात ठेवणं स्वस्त पडतं.