फरशीवर ठेवलेली बॅटरी खरंच उतरते का?
घरी जुनी फियाट उघडून बसलेल्याला कुणीतरी बजावतंच: बॅटरीखाली फळी घाल, फरशी करंट ओढते. आता हे खरं नाही. पूर्वी बॅटरीची पेटी लाकडी, नंतर कडक रबराची असे. ओल आणि झिरपलेलं अ‍ॅसिड यांतून विजेला वाट मिळायची. तेव्हा तो सल्ला योग्यच होता. आजची पेटी पॉलिप्रॉपिलीन या प्लॅस्टिकची, तिच्यातून करंट जात नाही. बॅटरी उतरते ती आतल्या रासायनिक क्रियेने, फळीवर ठेवली तरीही. गार फरशीवर उलट जरा सावकाशच. पत्राकाम महिनोन्‌महिने चालतं, तेव्हा काळजी चार्जिंगची घ्या. १२ व्होल्टची भरलेली बॅटरी साधारण १२.६ दाखवते, १२.४ च्या खाली गेली की चार्जरला लावा, नाहीतर आतल्या शिशाच्या प्लेटांवर सल्फेटचा थर कडक बसतो. झाकणावरची अ‍ॅसिडने ओलसर झालेली धूळ मात्र पुसाच, ती खरोखर करंट खाते.