सीबीटी दोन दिवसांत शिकता येते?

‘दोन दिवसांत सीबीटी थेरपिस्ट व्हा. प्रमाणपत्र मिळेल.’ कोल्हापुरातल्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर अधूनमधून अशी जाहिरात येते आणि शिकलेली माणसं पैसे भरतात. अंगारा देणाऱ्या देवर्षीला हसणारीच ही मंडळी!

सीबीटी म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअरल थेरपी, मनाच्या त्रासावर बोलून उपचार करण्याची एक पद्धत. फिलाडेल्फियाचे मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी 1960च्या दशकात तिची मांडणी केली. घटनेचा आपण जो अर्थ लावतो त्यातून बराचसा त्रास होतो. तो अर्थ तपासता येतो, वागून पडताळता येतो. एवढं एका दुपारी समजतं. गोची तिथेच आहे.

प्रशिक्षणातला सराव बघा. एकजण रुग्ण झालाय: राजारामपुरीत खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा, नुकताच नापास झालेला मुलगा. “आता गारगोटीला कुठल्या तोंडानं जाऊ? सगळी हसणार.” शिकाऊ थेरपिस्ट लगेच म्हणतो, “असा नकारात्मक विचार करायचा नाही. तू हुशार आहेस.” मुलगा “बरं” म्हणतो आणि गप्प होतो. सुपरवायझर, म्हणजे त्याचं काम तपासणारे अनुभवी थेरपिस्ट, रेकॉर्डिंग थांबवतात. “सगळी म्हणजे कोण, हे विचारलंस?”

पुन्हा सुरुवात.

“सगळी म्हणजे कोण कोण?”
“चुलता. शेजारचा पक्या.”
“आणि आई?”
“आई न्हाई हसायची. जेवलास का म्हणंल.”

मग दोघं मिळून ठरवतात: रविवारी गावी जायचं. निघण्याआधी कोण काय म्हणेल ते कागदावर लिहायचं, परत आल्यावर ताळा करायचा. याला वर्तन-प्रयोग म्हणतात. चुलता खरंच हसला, तर तेही कागदावर येतं आणि पुढच्या भेटीत त्यावर बोलायचं. प्रश्न विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरवलेलं असेल, तर मात्र ती वकिलाची उलटतपासणी होते. हा फरक बोलणाऱ्याला स्वतःला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये चटकन कळतो.

म्हणून ब्रिटनमध्ये सत्राचं रेकॉर्डिंग ऐकून गुण देण्याची सीटीएस-आर ही मोजपट्टी वापरतात. अजेंडा, वेग, प्रतिसाद, गृहपाठ, रुग्णाला स्वतः शोधू देणं असे 12 मुद्दे, प्रत्येकी 0 ते 6; एकूण 72. सहसा 36ला पास. ज्ञान किती, हा प्रश्नच नाही. त्या तासात काय केलंत ते बघतात.

अमेरिकेत व्यसनमुक्तीचं काम करणाऱ्या 78 जणांवरचा 2005चा एक अभ्यास आहे. काहींना फक्त सीबीटीचं मॅन्युअल दिलं, काहींना मॅन्युअल आणि वेबसाइट, तर काहींना मॅन्युअल, कार्यशाळा आणि नंतर प्रत्यक्ष केसेसवर सुपरव्हिजन. सरावाच्या संवादात तिसरा गट नुसतं मॅन्युअल वाचणाऱ्यांपेक्षा स्पष्टपणे सरस ठरला.

स्वतःला तपासून भागत नाही का? 2012च्या एका अभ्यासात मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या 129 व्यावसायिकांना विचारलं, तुमचं कौशल्य इतरांच्या तुलनेत कितपत? सरासरी उत्तर आलं: शंभरातल्या ऐंशी जणांच्या वर. सरासरीपेक्षा कमी असल्याचं एकानेही सांगितलं नाही. गणित मात्र तसं होऊ देत नाही.

कोल्हापुरात काम करणाऱ्याचा सुपरवायझर पुण्या-मुंबईचा असला तरी चालतं; रुग्णाची लेखी संमती घेऊन, त्याची ओळख जपून, रेकॉर्डिंग लांबूनही ऐकता येतं. तेव्हा समुपदेशकाकडे जाताना भिंतीवरची प्रमाणपत्रं मोजण्याऐवजी खुशाल विचारा, “तुमच्या कामावर सुपरव्हिजन कोणाचं असतं?” आणि त्रास फार असेल, तर या चौकशीत वेळ न घालवता सरकारच्या टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला 14416 वर फोन लावा, ती सेवा मोफत आहे.