‘आयदान’ वर्गात येण्याआधी

रत्नागिरी जिल्ह्यातल्या दोन बायकांची दोन आत्मकथने. देवरूखच्या गोदूबाई जोशी, म्हणजेच आनंदीबाई कर्वे, यांचे ‘माझे पुराण’ १९४४ साली निघाले. फणसवळ्याच्या उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ २००३ साली. पहिली ब्राह्मण विधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकली आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांशी तिचा पुनर्विवाह झाला. दुसरीची आई नवरा गेल्यावर बांबूची आयदाने, म्हणजे सुपे-टोपल्या, विणून पोरांना वाढवत होती. एकाच जिल्ह्यातली ही दोन पुस्तके जोडीने शिकवायची म्हटली की अडचणी सुरू होतात. त्या समजायला थोडे मागे जावे लागते.

केंद्र सरकारने १९७१ मध्ये स्त्रियांच्या दर्जाचा अभ्यास करणारी समिती नेमली. तिचा अहवाल १९७४ मध्ये आला. त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी विद्यापीठात नीरा देसाई यांच्या पुढाकाराने स्त्री-अभ्यासाचे केंद्र उभे राहिले. हे विद्यापीठ १९१६ मध्ये काढले ते दापोलीजवळच्या मुरूडच्या कर्व्यांनीच. सुरुवातीचे मोठे काम होते हरवलेले शोधून काढण्याचे. ताराबाई शिंदे यांचे बायकांवरच्या अन्यायाचा जाब विचारणारे १८८२ मधले पुस्तक ‘स्त्रीपुरुष तुलना’ स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये पुन्हा छापले, म्हणजे ते अभ्यासकांच्या हाती यायला नव्वदहून अधिक वर्षे गेली. पुढे सूझी थारू आणि के. ललिता यांनी भारतीय स्त्रियांच्या लेखनाचे दोन खंड संपादित केले (१९९१ आणि १९९३). अकरा भाषांतले लेखन त्यांत आहे. कोकणी त्यांत नाही. मालवणी, दालदी (कोकणातल्या मुसलमान मच्छीमारांची बोली) किंवा रेवदंड्याजवळच्या कोर्लईची पोर्तुगीज मिसळलेली बोली यांची गोष्टच सोडा.

शोधून काढलेल्या पुस्तकांतून ‘स्त्री’ नावाची जी प्रतिमा तयार झाली तिच्यावरच मग प्रश्न आला. १९८९ मध्ये उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ प्रसिद्ध झाले. आंबेडकरी चळवळीतल्या बायकांच्या मुलाखती त्यात आहेत. महाडच्या डिसेंबर १९२७ च्या परिषदेत मनुस्मृती जाळली गेली हे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तिथे बायका आल्या होत्या आणि बाबासाहेबांनी त्यांच्यासाठी वेगळे भाषण केले, हे पुष्कळ वर्गांत निसटते.

या सगळ्याला सिद्धान्ताची चौकट दिली ती पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातल्या शर्मिला रेगे यांनी. १९९८ च्या त्यांच्या गाजलेल्या लेखाचा रोख असा: स्त्री चळवळीने ‘स्त्री’ म्हणजे सवर्ण स्त्री धरली, दलित चळवळीने ‘दलित’ म्हणजे पुरुष धरला, आणि दलित बाई दोन्हीकडून गळाली. २००६ च्या पुस्तकात त्यांनी आठ दलित स्त्रियांची आत्मकथने ‘साक्ष’ म्हणून वाचली. साक्ष एकट्या बाईची नसते, समूहाची असते. चळवळ वगळून ही पुस्तके वाचली तर दलितांचे दुःख हा इतरांसाठी नुसता तमाशा होतो, असा त्यांचा इशारा होता. २०१० मध्ये त्यांनी फुल्यांच्या ‘तृतीय रत्न’ (१८५५) या नाटकाच्या नावावरून अध्यापनाचा विचार मांडला. यादीत पुस्तक वाढवून भागत नाही; वर्गात कोण बोलतो, कोणत्या भाषेत बोलतो आणि कोणाचे बोलणे ‘ज्ञान’ म्हणून वहीत उतरते, हेही बदलावे लागते. रेगे २०१३ मध्ये गेल्या. आमच्या मते त्यांच्या कामाचा हा शेवटचा भाग सर्वांत कमी वापरला गेला.

कोकणातल्या वर्गात तो वापरायचा तर पहिला तास लेखिकेच्या चरित्रावर घालवू नये. वस्तूपासून सुरुवात करावी. सूप, रोवळी, टोपली, ज्याच्या घरी जे असेल ते आणायला सांगावे. कोण विणत होते, कोण विकत घेत होते, बदल्यात पैसे मिळत की भात, विणणाऱ्याला कुठपर्यंत येऊ देत, हे घरी विचारून पाच ओळी लिहून आणायच्या, त्याही घरच्या बोलीत. त्यानंतर ‘आयदान’ची सुरुवातीची पाने: डोक्यावर ओझी घेऊन रत्नागिरीच्या बाजाराकडे निघालेल्या बायका. हा मजकूर मोठ्याने वाचावा. संवाद डोळ्यांनी वाचले तर निम्मी चव जाते. तिसऱ्या तासाला ‘माझे पुराण’मधला शिक्षणाचा भाग घ्यावा आणि एकच प्रश्न ठेवावा: या दोघींना शाळेपर्यंत कोणी पोचवले आणि कशाच्या जोरावर? उत्तरे लगेच वेगळी होतात. एकीच्या वाटेवर सुधारकांची संस्था उभी आहे, दुसरीच्या मागे आईचे हात आणि आंबेडकरी चळवळ.

बिघडते ते बहुधा तीन ठिकाणी. शिक्षक नकळत बौद्ध मुलीकडे पाहून ‘तू सांग, तुमच्याकडे कसं असतं?’ असे विचारतात आणि ती पुढे महिनाभर गप्प होते. प्रश्न विचारायचाच तर साऱ्या वर्गाला विचारावा: तुमच्या घरातल्या वाडवडिलांनी कोणाला ओटीवर घेतले नाही? दुसरी चूक उलट टोकाची. ‘सगळ्या बायकांचं दुःख सारखंच’ असे म्हणून दोन्ही पुस्तके एका पोत्यात भरायची. विधवेचे केशवपन आणि अस्पृश्यता यांची तुलना करता येते, बरोबरी नाही. तिसरी चूक तपासणीतली. बोलीत लिहिलेल्या पाच ओळींवर लाल शाईने ‘अशुद्ध’ असा शेरा पडला की पुढच्या वेळी प्रमाण भाषेतली, गाइडातून उतरवलेली पाने येतात.

प्रश्नपत्रिकेचेही तसेच. ‘आत्मकथनाची वैशिष्ट्ये लिहा’ या दहा गुणांच्या प्रश्नाला पुस्तक न उघडता उत्तर देता येते. त्याऐवजी दोन्ही पुस्तकांतला अर्ध्या पानाचा एकेक उतारा छापावा आणि विचारावे की बोलणारी बाई ‘आम्ही’ म्हणते तेव्हा त्यात कोण कोण येते.