नाममुद्राविस्तार, नियतकालिकांचा

घर, पोशाख, स्वयंपाक, प्रवास, सौंदर्यप्रसाधने अशा विषयांना वाहिलेल्या नियतकालिकाने वाचकांत कमावलेली पत छापील अंकाबाहेरच्या वस्तू, सेवा वा कार्यक्रमांसाठी वापरणे म्हणजे नाममुद्राविस्तार. व्यवहारात ‘ब्रँड एक्स्टेन्शन’ हाच शब्द चालतो. परदेशी आवृत्त्या, संकेतस्थळे, पुरस्कार, प्रदर्शने, दुकाने, उपाहारगृहे आणि मोबदला घेऊन दुसऱ्याच्या मालावर आपले नाव लावू देणे, म्हणजे परवाना, हे सारे त्यात येते. त्याच प्रकाशकाने वेगळ्या नावाचे दुसरे मासिक काढले, तर तो विस्तार धरत नाहीत.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठून मानावा याबद्दल एकमत नाही. एक मत शिवणाच्या कागदी पॅटर्नपाशी, म्हणजे कापड बेतण्यासाठीच्या कागदी नमुन्यांपाशी, जाते. लंडनच्या ‘द इंग्लिशवुमन्स डोमेस्टिक मॅगझीन’ (१८५२) या मासिकाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास वाचक स्त्रियांना पॅटर्न पुरवले. त्याच्याच मासिक पुरवण्या एकत्र होऊन इझाबेला बीटन यांचा गृहव्यवस्थापनावरील ग्रंथ १८६१ मध्ये निघाला. अमेरिकेत मात्र क्रम उलटा दिसतो. एबेनेझर बटरिक यांनी १८६३ च्या सुमारास मापवार पॅटर्न विकायला काढले, आणि त्यांच्या प्रसारासाठी ‘द डेलिनिएटर’ हे मासिक पुढे १८७० च्या दशकात आले. तेव्हा पॅटर्न हा अंकाचा विस्तार की अंक हाच पॅटर्नचा विस्तार, हे प्रत्येक उदाहरणागणिक तपासावे लागते. ‘व्होग’च्या बाबतीत संदिग्धता नाही : मासिक १८९२ चे, पॅटर्नसाठीची स्वतंत्र कंपनी १९१४ च्या सुमाराची. १९६१ मध्ये हा व्यवसाय बटरिककडे गेला आणि व्होग हे नाव पॅटर्नवर परवान्याने चालू राहिले.

दुसरे मत ‘गुड हाउसकीपिंग’ला (१८८५) अग्रमान देते. या मासिकाने १९०० मध्ये घरगुती उपकरणे व पदार्थ तपासण्यासाठी प्रयोगशाळा काढली आणि १९०९ पासून पसंत पडलेल्या मालाला मान्यतेची मोहोर द्यायला सुरुवात केली. १९६० मध्ये शिकागोत उघडलेल्या ‘प्लेबॉय’ मासिकाच्या क्लबापासून आरंभ धरणारेही आहेत, पण ते परवानाव्यवसायाच्या भरभराटीला उगम समजतात. पॅटर्न ही वाचकाला विकलेली मासिकाचीच वस्तू होती. मासिकाचे नाव परक्याच्या मालावर हमी म्हणून उमटले ते मोहोरेतच. म्हणून दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

मोहोरेचा पुढचा इतिहास या विषयातील बहुतेक अडचणींचा नमुना आहे. तिचा वापर दिशाभूल करणारा असल्याची तक्रार अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशन या व्यापारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने १९३९ मध्ये दाखल केली आणि १९४१ मध्ये प्रतिबंधक आदेश दिला. १९६९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयापुढे मोहोरधारी बूट गुळगुळीत फरशीवर घसरल्याचा दावा आला. माल बनवला नाही, विकला नाही, तरीही निष्काळजीपणे हमी दिल्याबद्दल प्रकाशक जबाबदार ठरू शकतो, असे न्यायालयाने म्हटले. नाव दिले की जोखीमही त्याच्यासोबत जाते, हे परवाना देणारे अनेकदा विसरतात.

परवान्याची रचना : पहिले काम व्यापारचिन्हाच्या नोंदणीचे. १९५७ च्या नीस या आंतरराष्ट्रीय करारावर आधारलेल्या वर्गीकरणात ४५ वर्ग असून पहिले ३४ वस्तूंचे व उरलेले ११ सेवांचे आहेत. छापील साहित्य १६ व्या वर्गात, डाउनलोड करण्याजोगे अंक ९ व्या, कपडे २५ व्या, किरकोळ विक्री व जाहिरात ३५ व्या, शिक्षण व करमणूक ४१ व्या, तर उपाहारगृहे ४३ व्या वर्गात येतात. जुन्या मासिकांची नोंदणी बहुधा १६ व्या वर्गापुरती असते. तेच नाव २५ व्या वर्गात आधीच तिसऱ्याचे निघाले की कपड्यांची योजना तिथेच अडते. सगळे वर्ग अडवून ठेवणे हाही उपाय नव्हे, कारण न वापरलेली नोंदणी रद्द होऊ शकते : युरोपीय संघात सलग ५ वर्षे वापर नसल्यास, तर अमेरिकेत ३ वर्षांनंतर चिन्ह सोडून दिल्याचे गृहीत धरले जाते.

करारात माल, प्रदेश, मुदत आणि विक्रीची ठिकाणे वेगवेगळी लिहितात. रॉयल्टी, म्हणजे नाव वापरण्याचा मोबदला, निव्वळ विक्रीवर मोजतात, आणि भांडणे ‘निव्वळ’ या शब्दावरच होतात. कर व परत आलेला माल वजा करणे सर्वमान्य आहे. सवलत, जाहिरातखर्च आणि बुडीत येणी वजा होऊ दिली तर रॉयल्टी हळूहळू आटते. सोबत किमान हमी रक्कम असते, म्हणजे विक्री कमी झाली तरी प्रकाशकाला द्यावीच लागणारी रक्कम. दर ८ टक्के आणि वार्षिक हमी चलनाचे ८० एकक असेल, तर १,००० एककांच्या निव्वळ विक्रीखाली परवानाधारकाला पदरचे भरावे लागते. हमी फार चढी ठेवल्यास तो भरपाईसाठी माल स्वस्त दुकानांत ओततो. विक्रीची ठिकाणे करारात बांधून घेतलेली नसतील तर त्याला रोखता येत नाही.

मंजुरीचे टप्पे साधारण असे : रेखाटन, उत्पादनपूर्व नमुना, पहिल्या खेपेतील नमुना, वेष्टन, जाहिरातीचा मजकूर. ठरलेल्या दिवसांत उत्तर न गेल्यास मौन म्हणजे नकार, असे कलम प्रकाशकाच्या बाजूचे असते. संपादकीय कचेरीत अंक छपाईला जाण्याच्या आठवड्यात नमुने पडून राहतात, म्हणून हे काम वेगळ्या माणसाकडे हवे. अमेरिकी कायद्यात दर्जावर देखरेख न ठेवता दिलेल्या परवान्याने चिन्हावरचा हक्कच जाऊ शकतो. मुदत संपल्यावर उरलेला माल विकण्यासाठी सहसा ३ ते ६ महिने मिळतात. शेवटच्या काळातील उत्पादनावर मर्यादा घातली नसेल तर गोदामे त्याच सुमारास भरतात.

स्वतःचे दुकान चालवण्यात नियंत्रण पूर्ण राहते, पण माल पडून राहण्याचा धोकाही स्वतःचाच. २००७ मध्ये निघालेल्या ‘मोनोकल’ या मासिकाने दुकाने व कॅफे काढले आणि २०११ मध्ये इंटरनेट रेडिओ सुरू केला. पुरस्कार आणि स्पर्धांना गोदाम लागत नाही. ‘फेमिना’ (१९५९) आणि तिची मिस इंडिया स्पर्धा हे त्याचे परिचित उदाहरण. तेथे उत्पन्न प्रायोजकांकडून येते, आणि विजेत्यांच्या निवडीत प्रायोजक डोकावतो की काय ही शंका कायम असते.

जुना मजकूर : अंकातील लेख व छायाचित्रे पुस्तकात, ॲपमध्ये वा वेष्टनावर वापरण्यापूर्वी मूळ करार पाहावे लागतात. मुक्त लेखकांचे लेख वेगळी परवानगी न घेता इलेक्ट्रॉनिक संग्रहात देता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये टासिनी खटल्यात दिला. छायाचित्रांत भर पडते ती मॉडेलच्या संमतीची. अंकापुरती दिलेली संमती उशीच्या अभ्र्यावर चालत नाही.

छापील अंक थांबल्यावर : ‘प्लेबॉय’ने नियमित छापील अंक २०२० मध्ये थांबवला, ‘मार्था स्टुअर्ट लिव्हिंग’चा २०२२ मध्ये बंद झाला, दोन्ही नावे मालावर राहिली. ‘एल’ या फॅशन नियतकालिकाच्या (१९४५) बाबतीत फ्रान्सच्या लागार्देर समूहाने नियतकालिके विकूनही नावाची मालकी स्वतःकडे ठेवली. छपाई थांबली की १६ व्या वर्गातील नोंदणी न वापरण्याच्या मुदतीत सापडते. अधूनमधून विक्रीला येणारा विशेषांक तो वापर टिकवू शकतो. केवळ नाव राखण्यासाठी छापलेल्या मोजक्या प्रती मात्र युरोपीय न्यायालयांत खरा वापर ठरत नाहीत.