मोडेमचा वेगळा खटका

काटोल रस्त्यावर आमची संत्र्याची बाग आहे. तिथल्या पंपघरातला सिमवाला राउटर मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की मुका व्हायचा. मग नागपुरातून माझा फोन: "भाऊ, प्लग काढा, दहापर्यंत मोजा, परत लावा." दोन उन्हाळे हेच चाललं. नुसतं दुरून रीबूट करून भागायचं नाही, कारण मोडेम, म्हणजे मोबाइल नेटवर्कशी बोलणारा भाग, हा राउटरच्या पोटातला दुसरा संगणक. त्याचा प्रोसेसर वेगळा, फर्मवेअर (आत कोरलेलं सॉफ्टवेअर) वेगळं. राउटर रीबूट झाला तरी बऱ्याच बोर्डांवर मोडेमची वीज खंडित होतच नाही.

मोडेमशी बोलायची भाषा राउटरहून जुनी आहे. हेज कंपनीच्या स्मार्टमोडेमने १९८१ साली एटी कमांड आणल्या. 'एटीझेड' लिहिलं की मोडेम मूळपदावर यायचा. मोबाइल मोडेमने हीच भाषा उचलली आणि रीसेटसाठी तीत 'सीफन' कमांड आली. पण हुकूम ऐकायला मोडेम शुद्धीवर तर हवा!

माझ्या राउटरवर चालतं ते ओपनडब्ल्यूआरटी, म्हणजे राउटरसाठीचं लिनक्सवर आधारित मुक्त फर्मवेअर, २००४ मध्ये सुरू झालं ते लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी या वायफाय राउटरसाठी. त्यात मोबाइल मोडेम नव्हताच. पुढे यूएसबी डोंगल आले. टूजीवर प्रक्षेपण करताना मोडेम क्षणभर २ अँपिअरपर्यंत ओढू शकतो, आणि यूएसबी २ पोर्टची मर्यादा ५०० मिलिअँपिअर. व्होल्टेज बसलं की डोंगल लटकायचा. उपटून पुन्हा खोचला की झालं. पुढे मोडेम मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्डांवर, म्हणजे राउटरच्या बोर्डावरच्या खाचेत बसणाऱ्या छोट्या कार्डांवर, आले आणि डब्यात स्क्रूने बसले, तेव्हा ही सोयही गेली.

म्हणून बोर्ड बनवणाऱ्यांनी प्रोसेसरच्या जीपीआयओ पिनांपासून (सॉफ्टवेअरने चालू-बंद करता येणाऱ्या पिना) मोडेमच्या वीजपुरवठ्यापर्यंत किंवा रीसेटपर्यंत रेषा नेल्या. फर्मवेअरमध्ये ती पिन म्हणजे एक फाइल: शून्य लिहा, एक लिहा. मीही तशी स्क्रिप्ट टाकली. पिंग (इंटरनेट पोचतंय का हे पाहणारा छोटा संदेश) तीनदा चुकला की पिन ४९२ खाली, दहा सेकंद थांबा, परत वर. बागेत करावे लागणारे फोन थांबले.

२०२५ मध्ये ओपनडब्ल्यूआरटीची २४.१० आवृत्ती चढवली आणि स्क्रिप्ट निमूट मेली. लिनक्सने आपोआप वाटायच्या जीपीआयओ क्रमांकांची सुरुवात बदलली होती. पूर्वी ते ५१२ पासून खाली उतरत, आता ५१२ पासून वर चढतात. माझ्या बोर्डावरची ४९२ आता ५२४ झाली होती. खरं तर क्रमांकावर विसंबणं हाच माझा आळस. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय कुठे जोडलंय ते लिनक्सला सांगणारी फाइल) पिनेला नाव देऊन ती त्याच नावाने बाहेर काढायची सोय ओपनडब्ल्यूआरटीत आधीपासून होती.

नावावरही डोळे मिटून जाऊ नये म्हणा. मिनी पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये पिन २० रेडिओ बंद करते, पिन २२ रीसेट देते. काही बोर्डांवर फक्त २० जोडलेली असते. तिने मोडेम विमान मोडमध्ये जातो, अडकलेला सुटत नाही. मी मल्टिमीटर लावून पाहिलं, आमची २२ निघाली.